चाकू हातात देत नाहीत

देवानंदने चाकू उलटा केला आणि पात्याच्या पाठीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग दुसरा उचलला, त्याच्याही पाठीवरून नख फिरवलं. काउंटरपलीकडे उभा असलेला नितेश बराच वेळ हा प्रकार पाहत होता. अमरावतीत ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान टाकून त्याला फार दिवस झाले नव्हते, पण गिऱ्हाईक ओळखायला तो शिकला होता. मूठ बघणारे, धार बघणारे, नुसतीच किंमत बघून निघून जाणारे असे सगळे त्याच्याकडे येऊन गेले होते. चाकूची पाठ बघणारा माणूस मात्र पहिलाच.

“काका, धार इकडून असते,” तो शेवटी न राहवून म्हणाला.

देवानंदला राग आला नाही. उलट बरंच वाटलं, कारण सांगायची संधी मिळाली. पाठ काटकोनात घासलेली असली तर तिने चकमकीच्या कांडीवर ठिणग्या पाडता येतात, गोल असली तर येत नाहीत, हे त्याने नितेशला समजावून दिलं. घडीचा चाकू नको, कारण बिजागरीत माती बसते आणि ती धुता येत नाही. साधं पोलाद धार छान धरतं, पण कांदा-लिंबू लागलं की काळं पडतं, तेव्हा स्टेनलेसच बरं. पातं मुठीच्या आत पार शेवटपर्यंत गेलेलं असावं. हे सगळं तो इतक्या ठामपणे बोलत होता, की हा माणूस हिमालय कोळून प्यायला असावा असं नितेशला वाटलं.

“किती ट्रेक झाले काका तुमचे?”

“एकबी नाई,” देवानंद म्हणाला.

“आन आता कोठी चालले?”

“पातूरले.”

नितेशचा चेहरा पडला. पातूरला एसटीने जातात आणि संध्याकाळच्या एसटीने परत येतात, एवढंच त्याला ठाऊक होतं. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्याने आणखी चार चाकू काढून काचेवर मांडले. त्यात एक छोटा होता, चार बोटांच्या पात्याचा, नारिंगी मुठीचा. देवानंदने तो मुठीत धरला, मग मूठ थोडी आवळून, हात लहान करून धरला. हा चाकू त्याच्या हाताला लहानच होत होता. पण ज्या हाताचा तो विचार करत होता, त्या हाताला अगदी बरोबर बसला असता. पाठ तपासली तर गोल निघाली. आतापर्यंत केलेलं सगळं प्रवचन गुंडाळून ठेवत त्याने तोच बांधायला सांगितला.

चकमकीच्या कांडीवरून नितेशने शेवटचा प्रयत्न केला. लायटर न्या, दोन न्या, म्हणाला. देवानंदने मान हलवली. त्याला कांडीच हवी होती, काळी, करंगळीएवढी, सुतळीला पोलादी पट्टी बांधलेली. घरी त्याची बायको माया तेच म्हणाली होती, जरा वेगळ्या भाषेत. “घरातली आगपेटी काय वाघानं नेली?” असं तिने विचारलं होतं. आगपेटी सर्दते, लायटरचा गॅस संपतो, असं काहीबाही देवानंद बोलला. खरं कारण सांगायची त्याला लाज वाटली.

खरं कारण असं, की देवानंद गवई हा माणूस तीन वर्षं उंटावरून शेळ्या हाकत होता. अमरावतीच्या एका कॉलेजात तो ग्रंथालयात अटेंडंट. पुस्तकं काढून द्यायची, परत आली की जागेवर लावायची, उन्हाळ्यात कपाटांना वाळवीचं औषध मारायचं, असं आयुष्य चाललेलं. पुढे दोन्ही किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसच्या खाटेवर चार-चार तास पडून राहायची पाळी आली. एक हात मशीनला बांधलेला, दुसऱ्या हातात मोबाईल. त्या मोबाईलवर एक दाढीवाला परदेशी माणूस पाठीवर बोजा घेऊन बर्फाच्या जंगलात जायचा, चाकूने काटकी सोलायचा, काळ्या कांडीवर पट्टी ओढायचा आणि ठिणगीतून जाळ उभा करायचा. भाषा कळायची नाही, पण हाताची भाषा कळत होती. शेजारच्या खाटेवरचे लोक सिनेमे बघायचे, कोणी भजनं ऐकायचं. देवानंद विस्तव पेटताना बघायचा. आपल्या अंगातलं काहीतरी रोज विझत चाललंय हे त्याला कळत होतं, त्यामुळे असेल.

त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी बहीण, बेबीताई, भातकुलीहून अधूनमधून त्याच्यासोबत येऊन बसायची. तीही वाकून मोबाईलमध्ये बघायची. “ह्या मान्साले घरदार नाई काय?” असं एकदा तिने विचारलं होतं. पण बघत राहिली होती.

पुढे किडनी द्यायची वेळ आली तेव्हा घरात फार चर्चा झालीच नाही. बेबीताईनेच सांगून टाकलं, की माझी तपासा. तिचा नवरा पुंजाजी अबोल माणूस. तो एवढंच म्हणाला, की तिच्या मनात असेल तर मी कोण नाही म्हणणारा. तपासण्या जुळल्या, कागद झाले आणि नागपूरच्या एका हॉस्पिटलात एकाच सकाळी दोघा बहीण-भावांची ऑपरेशनं झाली.

त्याला आता दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत देवानंदने ताईला लुगडं नेलं, तिने ते मायाच्या हातात परत दिलं. मोबाईल नेला, तो तिने पुतण्याला वापरायला देऊन टाकला. मायाने बारीकशी सोन्याची अंगठी केली, तर ताई चक्क रागावली. “देल्ल्या वस्तूचं मोल घेतलं तं ते देणं रायत नाई, इकनं होते,” असं तिने बजावलं आणि अंगठी मायाच्याच बोटात घातली. देवानंदची अशी पंचाईत झाली होती. ज्या माणसाचं एवढं घेतलं, त्याला नुसतं ‘तुझे उपकार आहेत’ म्हणायचीही सोय नव्हती. म्हणायला गेलं की ताई उठून चहा टाकायची.

मागितलं होतं तिने फक्त एकदा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, नागपूरच्या वॉर्डात. त्याच्या मोबाईलकडे बोट दाखवून ती म्हणाली होती, “आपण दोघं उठलो ना देवा, तं हे पाठीवर बोजा घेऊन जानं मलेबी कराचं हाय. सतरा वर्षाची होती तवापासून चालूनच रायली मी. वावरात चालली, हिरीवर चालली, कोनाच्या लग्नाले नाई तं मयताले चालली. काम नस्ताना एकडाव चालून पाहाचं हाय.”

ते देवानंदच्या मनात कोरलं गेलं होतं. पण दोन वर्षं डॉक्टरांनी त्याला धुळीत जाऊ दिलं नाही. या जानेवारीत कुठे परवानगी मिळाली, तीही अटी घालून: तोंडाला मास्क, पाणी भरपूर पण उकळलेलंच, कच्चं-उघडं काही खायचं नाही आणि सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या ठरल्या वेळेला म्हणजे ठरल्या वेळेला. तेव्हापासून महिनाभर तो चाकू आणि चकमकीच्या मागे लागला होता. ताईने मागितलेली एकच गोष्ट, ती तरी नीट व्हायला हवी होती. आणि जमलं तर तो नारिंगी मुठीचा चाकू तिला द्यायचा होता.

पण तिथे एक अडचण होती, आणि ती अडचण म्हणजे त्यांची आई, सुंदराबाई. ती जाऊन बारा वर्षं झाली होती तरी अडचण होतीच. देवानंदच्या आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली आणि देव्हारा उचलून नदीत सोडला, तेव्हापासून त्या घरात ना नवस राहिले, ना अंगारे-धुपारे. सुंदराबाईने सून म्हणून येऊन ते सगळं आनंदाने मान्य केलं. पण मीठ आणि चाकू या दोन गोष्टींवर तिचं कोणाशी पटलं नाही. या दोन वस्तू एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायच्या नाहीत, खाली ठेवायच्या आणि दुसऱ्याने उचलून घ्यायच्या. हातात दिलं की नातं तुटतं. त्यातून बहीण-भावाचं तर नक्कीच. नवरा तिला हसायचा, मुलं शाळेतून येऊन विज्ञान शिकवायची, पण ती काही बधायची नाही. शेवटी सगळ्यांनाच सवय लागली. देवानंद आजही मायाला भाजीची सुरी द्यायची तर ओट्यावर ठेवायचा. असा चाकू बहिणीला भेट कसा द्यायचा, हे त्याला ग्रंथालयातल्या एकाही पुस्तकात सापडलं नव्हतं.

पातूरच्या स्टँडवर दोघं उतरली तेव्हा ऊन कोवळं होतं. जागा ताईनेच निवडली होती. तिचं माहेर इथून जवळच, आणि समोरचा डोंगर त्यांच्या आईने सरपणासाठी शंभरदा चढलेला. जंगलात चूल पेटवायला मनाई असते, म्हणून मुक्काम डोंगरापलीकडे ओळखीच्या महादेवरावांच्या वावरात ठरला होता. देवानंदच्या पाठीवर कॉलेजच्या पोरांकडून मागून आणलेली मोठी सॅक आणि तंबू. ताईच्या पाठीवर छोटी सॅक, अंगात नऊवारीवर पुंजाजीचा स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट आणि कमरेला कापडी चंची. स्टँडवरच्या दोन बायका तिच्याकडे बघत राहिल्या. तिने त्यांना आपणहून सांगून टाकलं, की आम्ही डोंगर चढायला आलो आहोत, काही काम नाही.

डोंगरातल्या जुन्या लेण्यांच्या बाजूने दोघं चढायला लागली. ताई पुढे, देवानंद मागे. थोड्याच वेळात ती इतकी पुढे गेली की तिला थांबावं लागलं. मग ती एका दगडावर बसून चारी बाजूंना बघत राहिली. हात मोकळे, डोक्यावर भारा नाही, घरी परतायची घाई नाही. देवानंद धापा टाकत आला तेव्हा ती म्हणाली, की मायने हा डोंगर कधी असा पाहिलाच नसेल, तिची नजर लाकडावरच असायची. देवानंद घोटघोट पाणी पीत राहिला. ऊन तापलं होतं आणि पाणी भरपूर प्यायचं हा डॉक्टरांचा हुकूम तो जरा जास्तच पाळत होता.

त्याचा परिणाम वावरात पोचल्यावर कळला. महादेवरावांनी विहीर दाखवली, पऱ्हाटीची वाळकी धसकटं दाखवली, बांधावरची चार वांगी तोडून दिली आणि सांजेला ते गावाकडे निघून गेले. तंबू लावून होतो तोवर देवानंदने बाटल्या हलवून पाहिल्या. तिन्ही रिकाम्या. गोळ्यांची वेळ जवळ येत चाललेली. विहिरीचं पाणी होतं, पण ते उकळल्याशिवाय त्याच्या पोटात जाऊ शकत नव्हतं.

“पेटोतो आता,” तो म्हणाला. आवाज सहज ठेवायचा त्याने खूप प्रयत्न केला.

तीन दगड मांडून त्याने चूल केली. नारिंगी मुठीच्या चाकूने एक काटकी सोलायला घेतली, दाढीवाला सोलतो तशी, साल न तोडता पातळ पातळ पापुद्रे काढत. ते छान निघाले. मग कांडी धरली आणि पट्टी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. नुसती काळी भुकटी पडली. दहा-बारा वेळा ओढून झाल्यावर त्याला घाम फुटला. बेबीताई समोर मांडी घालून बसली होती, कमरेच्या चंचीवर एक हात ठेवून. ती काहीच बोलत नव्हती. दुसरं कोणी असतं तर एव्हाना हसलं असतं, असं त्याला वाटलं. मग त्याच्या ध्यानात आलं. नव्या कांडीवर काळा थर असतो, तो आधी खरवडून काढायचा असतो. हे त्याने शंभरदा पाहिलं होतं आणि ऐनवेळी तेच विसरला होता.

थर खरवडल्यावर ठिणग्या मात्र पडल्या. भरभरून पडल्या, दिवाळीच्या फुलबाजीसारख्या. पण पापुद्र्यांवर पडून विझत होत्या. काटकी आतून ओलसर होती. त्याने दुसरी सोलली, ती तशीच. वाळकं गवत घेतलं, त्याने धूर दिला आणि बंद पडलं. उजेड कमी होत चालला. पाण्यावाचून घशाला कोरड पडली. ताईने आयुष्यात एकच गोष्ट मागितली आणि तीही आपल्याला धड देता येत नाही, या विचाराने त्याचे डोळे भरून आले. तो तसाच उकिडवा बसून राहिला. ताईचा हात अजूनही चंचीवरच होता.

डोळे पुसायला मान वर केली तेव्हा समोर पऱ्हाटी उभी होती. वेचणी होऊन गेलेली, पण शेंड्यांना उशिरा फुटलेली बोंडं तशीच राहिलेली. वावरभर पांढरे ठिपके. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. वऱ्हाडात जन्मलेला माणूस कापसाच्या वावरात बसून परदेशातल्या पद्धतीने काटक्या सोलत होता. देवानंदला स्वतःचंच हसू आलं. त्याने उठून चार बोंडं तोडली, सरकी काढून टाकली, कापूस पिंजून मोकळा केला. मग त्याला आणखी एक आठवलं.

“ताई, तू पायाच्या भेगाले व्हॅसलीन लावते ना? आनली काय?”

ताईने न विचारता डबी काढून दिली. त्याने कापसाला थोडी व्हॅसलीन चोळली, म्हणजे जाळ जास्त वेळ टिकतो. पट्टी ओढली. पहिली ठिणगी वाया गेली. दुसरी कापसावर पडली आणि भप्पकन पिवळा जाळ उभा राहिला. देवानंदने त्यावर आधी गवत, मग पऱ्हाटीचे बारीक फाटे, मग धसकटं रचली. चूल पेटली. बेबीताईच्या तोंडावर जाळाचा उजेड पडला होता आणि ती हसत होती. नागपूरच्या वॉर्डात तो शुद्धीवर आल्यावर शेजारच्या खोलीतून निरोप आला होता की बेबीताई हसून राहिली. तेव्हा त्याला ते पाहता आलं नव्हतं. ते हसू हेच असणार, असं त्याला वाटलं.

पाणी उकळलं, बाटलीत भरलं, थोडं निवायला ठेवलं. ताईने वांगी आणि पिशवीतले कांदे निखाऱ्यात सारले, भाकरी काढून ठेवली. वांगी-कांदे भाजून निघाले तशी ती म्हणाली, की चाकू दे, कांदा चिरते.

देवानंदने सवयीने चाकू तिच्यासमोर मातीत ठेवला.

ताईने चाकूकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “खाली कावून ठेवला?”

“माय म्हने ना.”

“मायले तुहा डॉक्टर कुठी भेटला होता? मातीतला चाकू तुह्या कांद्याले लावू काय मी? धू त्याले गरम पान्यानं, आन हातात दे.”

तिचं म्हणणं रास्त होतं. त्याने चाकू उचलला, उकळत्या पाण्याने नीट धुतला. मग मूठ तिच्याकडे करून हात पुढे केला, आणि हात मध्येच थांबला. एरवी तो असल्या गोष्टींना हसणारा माणूस. पण आज त्याच्या अंगात जे चालू होतं ते या बाईचं होतं. तिच्या बाबतीत एवढीशीही जोखीम घ्यायला त्याचा हात तयार होईना.

“बाकीचं मी काई मानत नाई ताई,” तो म्हणाला. “पन तुह्याशी तुटलं तं…”

चाकू तसाच दोघांच्या मध्ये राहिला.

“देवा, इकडं पाह्य,” ताई म्हणाली. “माह्या पोटाले चाकू लागला आन तुह्या पोटाले लागला, एकाच दिवशी. तवा तं नाई तुटलं. आता ह्या उलशाशानं काय तुटते?”

तिने तळवा पसरला. कापूस वेचून वेचून त्या हाताची बोटं बोंडाच्या काट्यांनी चिरलेली होती. देवानंदने चाकूची मूठ तिच्या तळव्यावर ठेवली. तिने मूठ मिटली आणि कांदा चिरायला घेतला. नारिंगी मूठ त्या हाताला बरोबर बसली होती.

त्याने कोमट पाण्याने गोळ्या घेतल्या. वेळ चुकली नव्हती. भरीत झालं, भाकरी वाढली. जेवताना त्याने ठरवलं, की आता म्हणायचंच. इथे चहा टाकायला उठून जायला ओटा नाही.

“ताई, मी जिता हावो ते तुह्यामुळं. दोन वर्स झाले, मले हे म्हनता नाई आलं. आता म्हनतो.”

ताईने विस्तवातलं लाकूड पुढे सारलं. नेहमीसारखं तिने त्याला उडवून लावलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, की त्या सकाळी तिला फार भेव वाटलं होतं. पुंजाजीला सांगितलं नाही, कोणालाच नाही. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या ती फक्त एकच मनात आणत होती, पाठीवर बोजा आहे आणि आपण दोघं कुठेतरी चाललोय, रिकाम्या हाताने.

“गावात सारे मले म्हनतात, तुवा किडनी देली, तू मोठी,” ती म्हणाली. “पन तुले काय पाह्यजे, असं कोनी इचारलं नाई. तुवा ध्यानात ठेवलं. मले आनलं. आता माह्यं काई रायलं नाई तुह्याकडं.”

देवानंदने मान खाली घातली. तिचं आपल्याकडे काय राहिलं आहे ते त्याला ठाऊक होतं, उजव्या कुशीत, डॉक्टरांनी बसवून दिलेलं. पण ती म्हणत होती तर म्हणू दे. त्याचं मन इतकं भरून आलं होतं, की आईवर, डॉक्टरांवर, महादेवरावांच्या वांग्यांवर, त्या दाढीवाल्या परक्या माणसावरही त्याचा जीव जडला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं डोंगर उतरून आली. अकोल्याला गाडी बदलली. अमरावतीच्या स्टँडवर ताईला भातकुलीच्या गाडीत बसवून देवानंद घरी आला. मायाने त्याला आधी आंघोळीला पिटाळलं, मग सॅक रिकामी करायला घेतली. तंबू निघाला, भांडं निघालं, काळी कांडी निघाली. चाकू निघेना. देवानंदने सगळे कप्पे पाहिले. चाकूच्या कप्प्यात हात घातला तर हाताला एक आगपेटी लागली.

त्याने भातकुलीला फोन लावला.

“चाकू माह्याजोळ हाय,” तो काही विचारायच्या आत ताई म्हणाली. “आमची पावशी पार झिजली. वांगे चिराले बरा हाय हा. राहू दे काय?”

दोन वर्षांत त्याच्याकडचं तिने काही ठेवून घेतलं ते पहिल्यांदाच.

“राहू दे ना,” तो म्हणाला. “आन हे आगपेटी?”

“ते तुही. पुढच्या डावाले लागन.”

फोन ठेवून त्याने आगपेटी उघडली. ती काठोकाठ भरलेली होती. वावरात तो कांडी घासत, घाम पुसत, डोळे पुसत बसला होता तेव्हा ही आगपेटी समोरच होती, तिच्या कमरेच्या चंचीत, तिच्या हाताखाली. तेवढा सगळा वेळ ताई तिच्यावर हात ठेवून गप्प बसली होती.

आतून मायाने गोळ्यांची वेळ झाल्याची आठवण केली. देवानंदने उकळून निवलेलं पाणी पेल्यात ओतलं, गोळ्या घेतल्या आणि आगपेटी गोळ्यांच्या डब्याशेजारी फळीवर ठेवली. ती अजून तिथेच आहे. तिच्यातली एकही काडी त्याने ओढलेली नाही.